पूर्ववत

माझ्या एकुलत्या एका बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात माझा रक्तदाब मोजला गेला, तेव्हा तो ११८/७६ भरला. डॉक्टरीणबाईंनी दंडावरचा पट्टा सोडवला, कार्डावर आकडे लिहिले आणि समाधानाने म्हणाल्या, "आता सगळं पूर्ववत झालं." त्या एका शब्दाने मला केवढे हायसे वाटले होते, ते अजून आठवते. त्याआधी चौतिसाव्या आठवड्यात माझा रक्तदाब १६०/११० पर्यंत चढला होता, लघवीतून प्रथिने जाऊ लागली होती, डोके ठणकत होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्याच रात्री सिझेरियन करून मुलीला बाहेर काढावे लागले. तिचे वजन १,७५० ग्रॅम भरले आणि तिची रवानगी काचेच्या पेटीत झाली. झटके येऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या सलाइनखाली मी चोवीस तास पडून होते. अंगातून गरम लाटा जात होत्या आणि थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी येऊन गुडघ्यावर हलकेच हातोडी मारून माझा पाय उडतो की नाही ते पाहत होते. या आजाराला प्री-एक्लाम्पसिया म्हणतात, एवढे मला सांगण्यात आले, आणि त्यावरचा इलाज म्हणजे बाळंतपण, हेही सांगण्यात आले. एकदा वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, निघाली की रक्तदाब उतरेल, असे सगळेच म्हणत होते. तो उतरला.

त्यानंतर माझ्या नावाची फाइल बंद झाली आणि मुलीची उघडली. लसीकरणाचे कार्ड, वजनाचा आलेख, कानांची आणि डोळ्यांची तपासणी, ती मान कधी धरते, कधी बसते, याच्या नोंदी. अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणून तिच्यावर जितक्या जणांची नजर होती, तितक्या जणांची असायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. पण तिला मांडीवर घेऊन मी त्या सगळ्या दारांपुढे बसत असे, तेव्हा माझा दंडही तिथेच होता आणि रक्तदाबाचे यंत्रही बहुतेक टेबलांवर होते, हे आता मागे वळून पाहताना जाणवते. त्या अठरा वर्षांत माझा रक्तदाब कोणी मोजला असेल, तर तो एखाद्या तापाच्या वेळी, ओझरता.

सत्तेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागू लागली. वय झाले, वजन वाढले, झोप पुरत नाही, अशी कारणे मी स्वतःच जुळवून ठेवली होती. तपासायला गेले तेव्हा रक्तदाब १५६/९८ निघाला आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कप्प्याची भिंत किंचित जाड झालेली दिसली. तपासणारे डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान होते. धूम्रपान, मधुमेह, वडिलांचे हृदय, असे नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी विचारले, "ताई, बाळंतपणात काही त्रास झाला होता का?" मी म्हणाले, "झाला होता, पण ते तेव्हाच बरं झालं." त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला आणि एकेक करून विचारायला सुरुवात केली. कितवा आठवडा होता, बाळाचे वजन किती होते, लघवीत प्रथिने होती का, रक्तदाब उतरायला किती दिवस लागले, आणि शेवटी, तुमच्या आईला असे काही झाले होते का. या शेवटच्या प्रश्नाशी मी थबकले. त्याच्याकडे मी नंतर येणार आहे, कारण हा लेख लिहिण्यामागचे खरे कारण तोच आहे.

घरी आल्यावर मी वाचू लागले. गरोदरपणात शरीरात काय काय बदलते हे मला ढोबळमानाने ठाऊक होते, पण त्याचे माप ठाऊक नव्हते. या काळात रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते. हृदय दर मिनिटाला जितके रक्त बाहेर फेकते, त्यात ३० ते ५० टक्क्यांची भर पडते, आणि त्यातली बरीचशी वाढ पोट दिसू लागण्याच्या सुमारासच होऊन गेलेली असते. दिवस भरत येतात तेव्हा एकट्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. एवढे रक्त वाढूनही निरोगी गरोदरपणात रक्तदाब मधल्या महिन्यांत थोडा खालीच येतो, कारण रक्तवाहिन्या सैलावून त्या वाढीव प्रवाहाला वाट करून देतात. हृदयरोगतज्ज्ञ रुग्णाला चालत्या पट्ट्यावर पळायला लावून हृदयाची ताणचाचणी घेतात. गरोदरपण ही शरीराने स्वतःच घेतलेली तशी चाचणी आहे, असे या विषयावर काम करणारे डॉक्टर म्हणतात. ती नऊ महिने चालते, आणि बहुतेक स्त्रिया तिला तरुणपणी सामोऱ्या जातात, म्हणजे एरवी त्यांच्या हृदयाकडे पाहण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही अशा वयात.

प्री-एक्लाम्पसियात ही सैल होण्याची क्रियाच बिघडते. गर्भ रुजताना वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी, बारीक धमन्यांमध्ये शिरतात आणि त्यांचे स्नायू हटवून त्यांना रुंद, ढिल्या वाहिन्या बनवतात. हे काम अर्धवट राहिले, तर वारेला रक्त कमी आणि जोराच्या झोताने मिळत राहते, आणि ताणाखाली आलेली वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडू लागते की त्यांमुळे तिच्या सगळ्याच रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते. २००३ मध्ये यांपैकी एका प्रथिनाचा छडा लागला. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला धडधाकट ठेवणारे जे घटक रक्तातून फिरत असतात, त्यांना हे प्रथिन पकडून ठेवते आणि अस्तरापर्यंत पोचूच देत नाही. मग मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने झिरपतात, यकृत कुरकुरते, मेंदूला सूज येऊ लागते, डोळ्यांपुढे उजेडाचे ठिपके नाचतात. मला दिसलेले काजवे म्हणजे माझ्या रक्तवाहिन्यांचे गाऱ्हाणे होते, हे मला इतक्या वर्षांनी कळले. हा आजार वाढून फेफऱ्यासारखे झटके येऊ लागले की त्याला एक्लाम्पसिया म्हणतात, आणि या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही लख्खकन चमकणे असाच आहे. झटके कसे अचानक येतात, त्यावरून तो पडला.

या आजाराकडे पाहण्याची वैद्यकाची नजर सुरुवातीपासूनच प्रसूतीच्या खोलीपुरती राहिली. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर यांनी झटके येणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन दाखवून दिले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन १८९६ मध्ये इटलीत आले, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधील दोघा डॉक्टरांनी या स्त्रियांचा रक्तदाब चढलेला असतो हे नोंदवले. रक्तात कसले तरी विष उतरते असे दीर्घकाळ मानले गेले, म्हणून नावही विषबाधेचेच होते. विषाचा उगम वारेत असेल, तर वार बाहेर पडली की विषही संपले, हा तर्क सरळ होता, आणि डोळ्यांसमोर घडणारे त्याला पुष्टी देत होते: प्रसूतीनंतर काही दिवसांत सूज ओसरते, लघवी स्वच्छ होते, रक्तदाब खाली येतो. (प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत तो पुन्हा चढू शकतो आणि प्री-एक्लाम्पसिया बाळंतपणानंतरही पहिल्यांदा उद्भवू शकतो, हे प्रत्येक बाळंतिणीला आणि तिच्या घरच्यांना ठाऊक असलेच पाहिजे, घरी गेल्यावर डोके असह्य ठणकू लागले, तर ते जागरणाने असेल असे समजून कोणी पडून राहू नये.)

पुढे काय होते, हे शोधायला निघालेल्या माणसांत लिऑन चेस्ली यांचे नाव आदराने घेतले जाते. १९३१ ते १९५१ या काळात अमेरिकेतील जर्सी सिटीच्या प्रसूतिगृहात एक्लाम्पसियातून वाचलेल्या २७० स्त्रियांचा माग त्यांनी पुढची काही दशके, चिकाटीने, जवळजवळ एकही न गमावता ठेवला. पहिल्याच गरोदरपणात झटके आलेल्या गोऱ्या स्त्रियांचे पुढचे आयुष्य इतरांहून वाईट दिसत नाही, असा त्यांचा १९७६ सालचा निष्कर्ष होता. नंतरच्या बाळंतपणात ज्यांना झटके आले, त्यांच्यात मात्र पुढे मृत्यू जास्त होते. यातल्या पहिल्या अर्ध्या भागाने दीर्घकाळ दिलासा दिला. त्यांनी तुलना केली होती ती त्या वयाच्या सर्वसाधारण स्त्रियांशी, आणि त्या सर्वसाधारण स्त्रियांत ज्यांची गरोदरपणे बिघडली होती अशाही होत्याच. तुलना कोणाशी करायची, यावर उत्तर किती अवलंबून असते, हे मला या गोष्टीइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने झाले नाही.

वेगळे उत्तर आले ते अशा देशांतून, जिथे आईच्या बाळंतपणाची नोंद आणि तिच्या मृत्यूची नोंद एकमेकींना जोडता येत होती. नॉर्वेमध्ये १९६७ पासून प्रत्येक जन्माची नोंद ठेवली जाते. तिथल्या सहा लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना प्री-एक्लाम्पसिया झाला आणि ज्यांचे मूल दिवस भरण्याआधी जन्मले, त्या स्त्रियांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू, दिवस भरून सुरळीत बाळंत झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत आठपट निघाले. त्याच वर्षी स्कॉटलंडमधून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास आला: अपुरे दिवस, कमी वजनाचे बाळ आणि प्री-एक्लाम्पसिया, या तिन्ही गोष्टी एकाच बाळंतपणात घडलेल्या आईला पुढे हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा विकार होण्याचा धोका सातपट होता. त्या तीन गोष्टी मी वाचल्या आणि एकेक बोट मिटत गेले. पुढे २००७ आणि २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जी गोळाबेरीज मांडली गेली, तिच्यातून चित्र पक्के झाले. प्री-एक्लाम्पसियानंतर पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचा धोका साडेतीन पटींहून अधिक, हृदयविकार आणि पक्षाघाताचा सुमारे दुप्पट, आणि हृदय निकामी होत जाण्याचा चौपट.

हे आकडे वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही, म्हणून त्यांच्याबरोबर जे सांगायला हवे तेही इथेच सांगते. तरुण स्त्रीचा मूळ धोका मुळात फार लहान असतो, आणि लहान आकड्याची दुप्पट लहानच राहते. नॉर्वेच्या त्या आठपटीतही प्रत्यक्ष मृत्यू झालेल्या स्त्रिया मोजक्या होत्या. ज्यांना हा आजार झाला त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया पुढच्या दहा-वीस वर्षांत हृदयविकाराने आजारी पडत नाहीत. जे लवकर आणि वारंवार दिसते, ते रक्तदाबाचे वाढणे. डेन्मार्कच्या नोंदींनुसार, पहिल्या गरोदरपणात रक्तदाब चढलेल्या विशीतल्या मातांपैकी १४ टक्के आणि चाळिशीतल्या मातांपैकी ३२ टक्के पुढच्या दहा वर्षांतच उच्च रक्तदाबाच्या रुग्ण झाल्या. रक्तदाब न चढलेल्या त्याच वयाच्या मातांत हे प्रमाण ४ आणि ११ टक्के होते. रक्तदाब मोजता येतो, आवाक्यात ठेवता येतो, आणि पुढच्या हृदयविकाराच्या वाढीव धोक्याचा मोठा वाटा त्याच्यातून आणि वाढत्या वजनातून येतो, असे दिसून आले आहे. या एका वाक्यात माझ्यासारखीला धरून ठेवण्याजोगे पुष्कळ आहे.

आता त्या शब्दाकडे वळते. पूर्ववत म्हणजे जसे पूर्वी होते तसे. पण माझे पूर्वी कसे होते, हे कोणी पाहिले होते? नॉर्वेतल्याच एका मोठ्या पाहणीत अशा स्त्रिया होत्या, ज्यांचा रक्तदाब, वजन आणि रक्तातील चरबी पहिल्या गरोदरपणाच्या आधीच मोजलेली होती. ज्यांना पुढे प्री-एक्लाम्पसिया झाला, त्यांची ही मापे गरोदर राहण्याच्या आधीपासूनच किंचित वरची होती, आजार म्हणावा इतकी नव्हे, पण वरची. म्हणजे आजाराने रक्तवाहिन्यांना इजा केली, की आधीपासून अंगात असलेली एक कल त्या नऊ महिन्यांच्या ताणाने उघडी पडली, हा प्रश्न उरतोच. संशोधकांत याबद्दल अजून चर्चा आहे आणि दोन्ही बाजूंना पुरावा आहे. स्वीडनमध्ये वीस लाखांहून अधिक मातांच्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेल्या स्त्रियांची तुलना त्यांच्या सख्ख्या बहिणींशी केली गेली, तेव्हाही हृदयविकाराचा वाढीव धोका पुसला गेला नाही, त्यामुळे सगळे काही घराण्यातून आले असे म्हणून हात झटकता येत नाहीत. माझ्यापुरते मी असे मानते की दोन्ही खरे असावे. मी पूर्ववत झाले होते, आणि माझ्या त्या पूर्वस्थितीतच पुढचे बीज होते. शिवाय जाता जाता त्या आजाराने आपली खूण रक्तवाहिन्यांवर सोडलीही असेल. यातले काहीही असले, तरी माझ्या एकोणतिसाव्या वर्षी माझ्या शरीराने मोठ्याने काहीतरी सांगितले होते, आणि ते ऐकून घेतल्यावर पुढची अठरा वर्षे त्याची आठवण ठेवणारे कोणी नव्हते.

प्री-एक्लाम्पसियाबद्दल मी इतके लिहिले ते माझ्या वाट्याला तो आला म्हणून. पण ही गोष्ट त्याच्यापुरती नाही. गरोदरपणातला मधुमेह प्रसूतीनंतर बहुधा नाहीसा होतो आणि त्याबरोबर विसरलाही जातो. त्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता मात्र इतरांच्या सात ते दहापट असते, आणि तो मधुमेह झाला नाही तरी हृदयाचा धोका काहीसा वाढलेलाच राहतो. अकाली प्रसूती, पोटात नीट न वाढलेले बाळ, वार वेळेआधी सुटणे, यांचाही पुढच्या हृदयविकाराशी संबंध दिसून आला आहे. आणि पोटातच गेलेले मूल. त्या स्त्रीविषयी मला विशेष लिहावेसे वाटते. तिच्याकडे मुलाचे लसीकरणाचे कार्ड नाही, वजनाचा आलेख नाही, कोणत्याही डॉक्टरांच्या दारात ती त्या कारणाने पुन्हा जात नाही. त्या गरोदरपणाबद्दल बोलायचे नाही असे घरात सगळ्यांनी ठरवलेले असते, बहुधा तिच्या भल्यासाठीच. पंधरा वर्षांनी एखाद्या अर्जावर 'अपत्ये किती' या रकान्यात ती एक आकडा लिहिते आणि त्या आकड्यात ते गरोदरपण मावत नाही. तिच्या दुःखाला बोलते करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण तिला हळुवारपणे विचारणारे कोणीतरी असावे, आणि विचारण्याचे कारण तिचे स्वतःचे हृदय आहे हे तिला सांगितले जावे, असे मला मनापासून वाटते.

दरम्यान एक आजार असाही आहे की जो वर्षांनी नव्हे तर लगेचच येतो. गरोदरपणाच्या अखेरीला किंवा प्रसूतीनंतर पहिल्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायूच दुबळा पडतो आणि त्याची रक्त फेकण्याची ताकद घटते. धाप लागते, पाय सुजतात, आडवे पडल्यावर श्वास कोंडतो. नव्या आईला थकवा येतोच, या समजुतीआड ही लक्षणे फार सहज लपतात. उशीवर उशी रचून बसल्याशिवाय झोप लागत नसेल, तर तो थकवा नाही.

आता आई. माझ्या जन्माच्या वेळी तिला झटके आले होते. आमच्या घरात ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, "तुझ्या वेळी मी मरता मरता वाचले," आणि ती सांगताना आई माझ्या केसांवरून हात फिरवत असे, जणू त्यात माझा काही पराक्रम होता. माझ्या लेखी ती माझ्या जन्माची गोष्ट होती. तिच्या आजाराचा तो इतिहास आहे, असे मला कधी वाटलेच नाही. एकोणसाठाव्या वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. तातडीच्या विभागात तिच्या उशाशी मी उभी होते आणि माहिती मी सांगत होते. तंबाखू? नाही. मधुमेह? नाही. रक्तदाब? माहीत नाही, कधी मोजला नाही. घरात कोणाला? तिच्या थोरल्या भावाला. एवढ्यावर कागद भरला. मी स्वतः तोवर प्री-एक्लाम्पसियातून गेले होते आणि तरीही माझ्या तोंडून ते एक वाक्य निघाले नाही, कारण ते त्या ठिकाणी सांगायचे वाक्य आहे हे मला कोणी शिकवलेच नव्हते. त्या रात्री ते सांगितले असते तर उपचारात काही फरक पडला नसता, हे मला कळते. फरक पडायचा तर तो वीस वर्षे आधी पडायला हवा होता, ती चाळिशीची असताना, कोणीतरी दरवर्षी तिच्या दंडाला पट्टा बांधला असता तर. ती त्यानंतर चार वर्षे जगली. शब्द सापडत नसत, तेव्हा ती डाव्या हाताने माझे मनगट घट्ट धरून ठेवायची.

तिचा पक्षाघात त्या झटक्यांमुळेच आला, असे मी म्हणत नाही. एका माणसाच्या बाबतीत तसे कोणालाच म्हणता येणार नाही. पण प्री-एक्लाम्पसिया घराण्यात वाहतो हे पक्के आहे. ज्यांच्या आईला तो झाला, त्या मुलींना तो होण्याची शक्यता वाढते. इतकेच काय, अशा गरोदरपणातून जन्मलेल्या मुलग्यांच्या पत्नींनाही तो काहीसा अधिक होतो, कारण वार ही आईइतकीच वडिलांकडून आलेल्या वारशातूनही घडते. आई, मी आणि माझी मुलगी, अशी ही एक ओळ आहे, आणि त्या डॉक्टरांच्या शेवटच्या प्रश्नाने मला पहिल्यांदाच ती एका रेषेत दाखवली.

विसर कुठे पडतो, याचा मी पुष्कळ विचार केला. प्रसूतितज्ज्ञांची जबाबदारी साधारणपणे सहाव्या आठवड्यात संपते. हृदयाकडे पाहणारे डॉक्टर पन्नाशीच्या आसपास भेटतात. मधली वीस-पंचवीस वर्षे स्त्री मुलांच्या दुखण्यांसाठी, सासूसासऱ्यांच्या औषधांसाठी दवाखान्याच्या पायऱ्या चढत असते, स्वतःसाठी क्वचितच. या दरीची जाणीव तज्ज्ञांना झालेली नाही असे नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच स्त्रियांच्या हृदयविकाराच्या धोक्यांच्या यादीत प्री-एक्लाम्पसिया, गरोदरपणातला उच्च रक्तदाब आणि गरोदरपणातला मधुमेह यांचा समावेश केला, आणि २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलवरील उपचारांची दिशा ठरवतानाही प्री-एक्लाम्पसियाची दखल घेतली गेली. जगभरात स्त्रियांच्या दर तीन मृत्यूंपैकी साधारण एक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होतो, हे लक्षात घेतले तर हा एक प्रश्न विचारण्याचे मोल कळते. तरी जाहीर केलेले आणि टेबलापलीकडून विचारले जाणारे यांत अंतर आहे. मला तो प्रश्न विचारला गेला, याला मी अजूनही नशीब म्हणते, आणि त्याचे मला वाईट वाटते.

मला सर्वांत उमेद दिली ती एका लहानशा प्रयोगाने. ऑक्सफर्डमध्ये गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या २२० स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रसूतीनंतर घरी रोज स्वतःच रक्तदाब मोजायला शिकवले गेले. आकडे फोनवरून डॉक्टरांपर्यंत जात आणि त्यांनुसार गोळ्यांचे प्रमाण दर वेळी बारकाईने कमी-जास्त केले जाई. बाकीच्यांवर नेहमीप्रमाणे उपचार झाले. नऊ महिन्यांनी पाहिले, तर पहिल्या गटातील स्त्रियांचा दिवसभराचा सरासरी खालचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा पाचहून अधिक अंकांनी कमी होता. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीनंतरच्या त्या पहिल्या आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्या पुन्हा घडी बसवत असतात, आणि तेव्हा दाब नीट सांभाळला तर ती घडी अधिक चांगली बसते, असे त्यावरून दिसते. प्रयोग लहान आहे आणि त्यातून पुढचे हृदयविकार टळतील का, हे वर्षे गेल्यावरच कळेल. पण ज्या सहा आठवड्यांना मी नुसते वाट पाहण्याचे दिवस समजत होते, त्यांत काहीतरी करता येण्याजोगे होते, ही कल्पनाच मला हलवून गेली.

माझ्या मते व्हायला हवे ते फार अवघड नाही. मूल लसीसाठी येते त्याच दिवशी आईच्या दंडाला पट्टा बांधावा. प्रसूतीनंतर घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर, बाळाच्या तपशिलाखाली, आईच्या पुढच्या आयुष्यासाठी दोन ओळी असाव्यात: काय झाले होते, आणि वर्षातून एकदा रक्तदाब, ठरावीक वर्षांनी साखर व कोलेस्टेरॉल पाहावे. पुन्हा गरोदर राहण्याचा विचार असेल, तर आधीच डॉक्टरांशी बोलावे; धोका जास्त असलेल्या स्त्रियांना गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीच्या अखेरीपासून रोज अॅस्पिरिनची लहान मात्रा दिल्याने लवकर येणाऱ्या प्री-एक्लाम्पसियाचे प्रमाण निम्म्याहून खाली आणता आल्याचे २०१७ मध्ये दाखवले गेले आहे. ती गोळी कोणी आपल्या मनाने घेऊ नये, पण तिच्याबद्दल विचारायला लाजूही नये. तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून त्या चालू असलेल्या तरुण स्त्रीने ते आधीच ठाऊक करून घ्यावे.

मी आता सकाळी गोळी घेते, आठवड्यातून दोनदा रक्तदाब मोजून वहीत लिहिते, रोज चालते आणि मिठाकडे लक्ष ठेवते. वर्षभराने केलेल्या इकोमध्ये हृदयाच्या भिंतीची जाडी वाढलेली नव्हती. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी बाळंतपणाचे जुने कार्ड चिकटवले आहे, त्याच्यावरच्या ११८/७६ या आकड्यांसकट.

गेल्या महिन्यात माझी मुलगी, आता वीस वर्षांची, कसल्याशा तपासणीचा अर्ज भरत बसली होती. कुटुंबातील आजारांच्या रकान्याशी येऊन तिने विचारले, "आई, इथं काय लिहू?" मी तिच्या शेजारी बसले आणि सांगत गेले, ती लिहीत गेली. आजी: बाळंतपणात झटके, ५९ व्या वर्षी पक्षाघात. आई: ३४ व्या आठवड्यात प्री-एक्लाम्पसिया, ४७ व्या वर्षी उच्च रक्तदाब. रकाना तिथेच संपला. तिने क्षणभर थांबून कागद आडवा केला आणि समासात बारीक अक्षरात स्वतःचे जन्माचे वजन लिहिले, १,७५० ग्रॅम.